गॅमा डिटेक्टरचे कवच: शिसे, तांबे आणि कथील निवडण्यापूर्वी

जर्मेनियमचा डिटेक्टर पहिल्यांदा थंड करून, त्याच्यासमोर कोणताही नमुना न ठेवता रात्रभर चालू ठेवला, तर सकाळी पडद्यावर कोरा वर्णपट, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती किरण आले याचा आलेख, दिसत नाही. १४६१ केईव्ही, म्हणजे हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या मापात १४६१ एवढ्या ऊर्जेला, पोटॅशियम-४० चे शिखर उभे असते. उजवीकडे दूरवर २६१५ केईव्हीला थोरियमच्या मालिकेतले थॅलियम-२०८ असते. डावीकडे ६०९ आणि ३५२ केईव्हीला बिस्मथ-२१४ आणि शिसे-२१४ ही रेडॉन वायूची अपत्ये, म्हणजे त्याच्या ऱ्हासातून तयार होणारी मूलद्रव्ये, हजर असतात, आणि या सगळ्यांच्या खाली एक अखंड उतार पसरलेला असतो. हे सारे खोलीच्या भिंतींतून, फरशीतून, हवेतून, आकाशातून आणि खुद्द डिटेक्टरच्या बांधणीतून येते. प्रयोगशाळेत याला सगळेच ‘बॅकग्राउंड’ म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरतो. मातीच्या, दुधाच्या किंवा पाण्याच्या नमुन्यातले एखाद-दोन बेकरेल (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक ऱ्हास) ओळखायचे असतील, तर आधी हे बॅकग्राउंड खाली आणावे लागते आणि त्यासाठी डिटेक्टरभोवती कवच उभारावे लागते.

हा लेख असे कवच प्रथमच उभारणाऱ्यांसाठी, म्हणजे मुख्यतः महाविद्यालयीन प्रयोगशाळांतील शिक्षक, संशोधक विद्यार्थी आणि तंत्रज्ञ यांच्यासाठी आहे. नवखा माणूस बहुधा एकच प्रश्न विचारतो: शिसे किती जाड हवे? त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, ते शिसे आले कुठून? कवचासाठी आणलेला प्रत्येक पदार्थ बाहेरचे किरण अडवतो आणि त्याच वेळी स्वतःचे थोडे किरण आत सोडतो. तो डिटेक्टरच्या जितका जवळ, तितका त्याचा हा दुसरा गुण भारी पडतो. म्हणून कवचाचा विचार आतून बाहेर करावा, आणि कोणताही पदार्थ तपासल्याशिवाय आत नेऊ नये.

पहिली पायरी: आधी उघड्यावर मोजणी करा

कवचाची कोणतीही खरेदी करण्यापूर्वी डिटेक्टर नियोजित जागी ठेवून किमान २४ तास नमुन्याविना मोजणी करावी, आणि प्रत्येक ठळक शिखराखालच्या मोजण्या, मोजणीचा काळ व तारीख वहीत लिहून ठेवावी. पुढे प्रत्येक थर चढवल्यावर याच आकड्यांशी तुलना करायची आहे. ही नोंद नसेल, तर तुमच्या कवचाने काय साधले हे कोणालाही, तुम्हालासुद्धा, सांगता येणार नाही.

याच टप्प्यावर डिटेक्टर स्वतः किती स्वच्छ आहे, हेही पाहून घ्यावे. लॅन्थॅनम ब्रोमाइडच्या स्फटिकात लॅन्थॅनम-१३८ हा निसर्गतःच किरणोत्सारी समस्थानिक असतो, त्यामुळे त्याचे १४३६ केईव्हीचे किरण थेट स्फटिकातूनच उमटतात आणि बाहेर कितीही शिसे रचले तरी ते जात नाहीत. सोडियम आयोडाइडच्या डिटेक्टरला जोडलेल्या प्रकाशगुणक नळीच्या काचेत पोटॅशियम असते. ज्याचे बॅकग्राउंड आतूनच येते, त्याच्यावर जाड कवचाचा खर्च करण्यात अर्थ नाही.

बॅकग्राउंड किती कमी केले की किती फायदा होतो, याचा हिशेबही आधीच करावा. एखाद्या शिखराखाली नमुन्याविना ‘ब’ एवढ्या मोजण्या येत असतील, तर ओळखता येईल अशी किमान मात्रा साधारणपणे ‘ब’ च्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. लॉइड करी यांनी १९६८ मध्ये मांडलेले आणि आजही सर्वत्र वापरले जाणारे सूत्र म्हणजे २.७१ अधिक ४.६५ गुणिले ‘ब’ चे वर्गमूळ. म्हणजे बॅकग्राउंड १०० पट उतरवले, तर शोधक्षमता सुमारे १० पटच सुधारते. पिण्याच्या पाण्यातले सीझियम तपासायचे आहे की विटांच्या मातीतले थोरियम, यावर किती खोलात जायचे ते ठरते, आणि तो निर्णय शिशाची किंमत ऐकण्यापूर्वी झालेला बरा.

दुसरी पायरी: खोली निवडा

खोली म्हणजे कवचाचा सर्वांत बाहेरचा आणि फुकट मिळणारा थर. दख्खनच्या पठारावरचा बेसाल्ट ग्रॅनाइटच्या तुलनेत पोटॅशियम, युरेनियम आणि थोरियम या तिन्हींत गरीब असतो, ही महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळांची जमेची बाजू आहे. मात्र जमीन बेसाल्टची असली तरी इमारत कशाची आहे हे पाहावे लागते. ग्रॅनाइटचे ओटे आणि लाद्या, झिरकॉन वापरून झिलई केलेल्या फरश्या, औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेपासून केलेल्या विटा, हे सगळे बॅकग्राउंड वाढवू शकतात. हातात साधे गायगर-म्युलर उपकरण असले तरी दोन-तीन खोल्यांतला फरक अर्ध्या दिवसात कळतो.

शक्य असेल तर उंच इमारतीचा तळमजला घ्यावा. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांतले न्यूट्रॉन आणि प्रोटॉन यांची संख्या दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १६० ग्रॅम पदार्थामागे एक-तृतीयांशाच्या आसपास येते. १५ सेंटिमीटर जाडीचे पाच स्लॅब डोक्यावर असले की जवळपास एवढा पदार्थ भरतो. विश्वकिरणांतल्याच म्यूऑन या अतिभेदक कणांवर मात्र त्याचा परिणाम नगण्य असतो. तळघर आणखी चांगले वाटते, पण तेथे जमिनीतून येणारा रेडॉन साचतो. वायुवीजन नीट नसेल तर मी तळघरापेक्षा हवेशीर तळमजलाच पसंत करेन.

तळमजल्याचे दुसरे कारण वजन. आतली पोकळी ३० बाय ३० बाय ४० सेंटिमीटरची धरली आणि सर्व बाजूंनी १० सेंटिमीटर शिसे लावले, तर शिशाचे घनफळ १,१४,००० घनसेंटिमीटर होते आणि घनता ११.३४ असल्याने वजन सुमारे १,२९० किलो भरते. हे सगळे पाव चौरस मीटरवर उभे राहते, म्हणजे चौरस मीटरला पाच टनांहून अधिक भार पडतो. निवासी इमारतींची जमीन साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर एवढा वापरभार गृहीत धरून आखलेली असते. वरच्या मजल्यावर कवच बांधण्याआधी बांधकाम अभियंत्याचा लेखी सल्ला घेणे, आणि भार पसरवण्यासाठी खाली पोलादी चौकट देणे, यात तडजोड करू नये.

पोकळी लहान केली की वजन झपाट्याने उतरते. तीच पोकळी २० बाय २० बाय २५ सेंटिमीटरची केली, तर १० सेंटिमीटर शिशासह वजन सुमारे ७०० किलोवर येते. रोज वापरायचा सर्वांत मोठा नमुना-डबा कोणता हे आधी ठरवावे आणि पोकळी त्याच्याभोवती आखावी.

तिसरी पायरी: शिशाची जाडी ठरवा

सरळ येणाऱ्या गॅमा किरणांची तीव्रता निम्मी करायला ६६२ केईव्हीला सुमारे अर्धा सेंटिमीटर, १४६१ केईव्हीला सुमारे १.२ सेंटिमीटर आणि २६१५ केईव्हीला सुमारे १.४ सेंटिमीटर शिसे लागते. यावरून ५ सेंटिमीटर शिशातून पोटॅशियमच्या किरणांपैकी वीसात एक आणि थॅलियमच्या किरणांपैकी बारात एक पार होतो. १० सेंटिमीटरला हेच प्रमाण अनुक्रमे चारशेत एक आणि सुमारे एकशेपस्तिसात एक होते. शिकवण्याच्या प्रयोगशाळेसाठी ५ सेंटिमीटर पुरते, पर्यावरणातील नमुन्यांसाठी १० हवे.

दहाच्या पुढे जाण्याआधी थांबावे. १५ सेंटिमीटरला थॅलियमचे किरण दीड हजारात एकावर येतात हे खरे, पण जमिनीवरच्या प्रयोगशाळेत तोवर बाहेरचे गॅमा किरण हा मुख्य प्रश्नच उरलेला नसतो. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला जवळपास एक म्यूऑन पडतो; १० सेंटिमीटर शिशात त्याची सुमारे १३० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा खर्च होते आणि त्याची सरासरी ऊर्जा मात्र सुमारे चार अब्ज असते. असे कण शिशात नवे न्यूट्रॉन आणि गॅमा किरण निर्माण करतात, त्यामुळे शिसे वाढवत नेले की काही प्रमाणात या उपद्रवाचे कारखानेच वाढतात. जमिनीवर १५ सेंटिमीटरपलीकडे शिसे रचण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

शिसे परवडत नसेल तर लोखंडाचा विचार करता येतो. १० सेंटिमीटर शिशाचे काम करायला १६-१७ सेंटिमीटर लोखंड लागते, त्यामुळे कवच बोजड होते. पण लोखंडात शिसे-२१० हा शिशाचा किरणोत्सारी समस्थानिक नसतो; त्याच्याविषयी पुढच्या पायरीत.

चौथी पायरी: कोणते शिसे?

खाणीत शिशाच्या धातुकाच्या सोबतीला थोडे युरेनियम असतेच, आणि त्याच्या मालिकेत पुढे शिसे-२१० तयार होत राहते. धातू गाळताना युरेनियम आणि रेडियम मळीबरोबर निघून जातात. शिसे-२१० मात्र रसायनदृष्ट्या शिसेच असल्याने कोणत्याही भट्टीत, कोणत्याही आम्लात ते वेगळे होत नाही. त्याचे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षे आहे. त्याचा स्वतःचा ४६.५ केईव्हीचा गॅमा किरण दुबळा असतो आणि शिशातच विरतो. खरा त्रास त्याच्या अपत्यापासून, म्हणजे बिस्मथ-२१० पासून होतो. बिस्मथ-२१० चे बीटा कण ११६० केईव्हीपर्यंत ऊर्जा घेऊन निघतात, शिशात आपटून थांबतात आणि थांबताना क्ष-किरणांचा अखंड झोत सोडतात. वर्णपटाच्या डाव्या भागात, साधारण ५०० केईव्हीच्या खाली जो फुगवटा दिसतो, त्यात या झोताचा वाटा मोठा असतो.

येथे विक्रेत्याचे प्रमाणपत्र वाचताना एक घोटाळा हमखास होतो. प्रमाणपत्रावर ‘९९.९९ टक्के शुद्ध’ असे लिहिलेले असते आणि घेणारा निश्चिंत होतो. एका ग्रॅम शिसे-२१० मधून सेकंदाला सुमारे २.८ लाख कोटी ऱ्हास घडतात. म्हणून किलोमागे १०० बेकरेल एवढा दोष असलेल्या शिशातसुद्धा शिसे-२१० चे वस्तुमान दशसहस्र अब्जांत एका भागाहूनही कमी भरते. रासायनिक विश्लेषणाला ते दिसणे शक्यच नाही. विचारायचा आकडा एकच: किलोमागे शिसे-२१० चे किती बेकरेल? हा आकडा साध्या शिशात दहा-वीसपासून शेकड्यांपर्यंत आणि कधी त्याहून वर कुठेही असू शकतो. खास कवचासाठी विकले जाणारे शिसे ५०, २० किंवा ५ बेकरेलच्या खाली असल्याची हमी देऊन विकले जाते आणि प्रत्येक पायरीला भाव चढतो.

सुदैवाने सगळे कवच महागड्या शिशाचे करावे लागत नाही. बिस्मथ-२१० चे हे क्ष-किरण शिशातून फार दूर जाऊ शकत नाहीत, त्यामुळे डिटेक्टरला आतल्या पृष्ठभागाजवळचे शिसेच दिसते. बाहेरचे साडेसात सेंटिमीटर साधे शिसे आणि आतले अडीच सेंटिमीटर कमी किरणोत्सारी शिसे, अशी विभागणी बहुतेक प्रयोगशाळांना पुरते. पैसा मर्यादित असेल तर तो आतल्या थरावर खर्च करावा.

जुने शिसे चांगले, हे तुम्ही ऐकलेले असेल आणि ते खरेही आहे. शंभर वर्षांपूर्वी गाळलेल्या शिशातले शिसे-२१० आज विसाव्या हिश्श्याहून खाली आलेले असते. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इटलीतले आहे. सार्डिनिया बेटाच्या किनाऱ्यालगत दोन हजार वर्षांपूर्वी बुडालेल्या एका रोमन जहाजात शिशाच्या लाद्या सापडल्या. समुद्राच्या पाण्याखाली त्या विश्वकिरणांपासूनही बचावल्या होत्या. २०१० मध्ये काल्यारीच्या पुरातत्त्व संग्रहालयातून त्यांपैकी १२० लाद्या ग्रान सास्सो डोंगराखालच्या प्रयोगशाळेत कुओरे या प्रयोगासाठी पाठवण्यात आल्या. शिलालेख असलेला भाग कापून जतनासाठी बाजूला ठेवला गेला आणि उरलेले शिसे वितळवून कवचाचे वर्तुळाकार थर ओतले गेले. त्यात शिसे-२१० किलोमागे सहस्रांश बेकरेलच्या पातळीवर, म्हणजे चार मिलिबेकरेलच्याही खाली आढळले.

मात्र ‘जुने’ आणि ‘भंगारातले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भंगाराच्या बाजारात मिळणारे शिसे बहुतांशी गाड्यांच्या बॅटऱ्यांचे असते, ते पुनःपुन्हा नव्या शिशात मिसळून गाळलेले असते आणि त्याचे वय कोणालाही सांगता येत नाही. जुन्या छपराचे पत्रे किंवा जुन्या पाण्याच्या नळांचे शिसे खात्रीच्या इतिहासासह मिळाले, तर ते तपासून घ्यावे. तपासणी अशी: प्रत्येक ओतीतून एक पातळ चकती मागवावी, खिडकी पातळ असलेल्या जर्मेनियम डिटेक्टरवर ती दोन-तीन दिवस ठेवावी, आणि ४६.५ केईव्हीचे शिखर व त्याखालचा फुगवटा ज्ञात शिशाच्या चकतीशी ताडून पाहावा. स्वतःची सोय नसेल तर जवळच्या विद्यापीठाला किंवा संशोधन संस्थेला विनंती करावी. एका चकतीच्या मोजणीसाठी नकार सहसा मिळत नाही. ऑर्डर देताना एकाच ओतीतल्या विटा आणि तिचा क्रमांक प्रत्येक विटेवर कोरलेला, ही अट लेखी घालावी.

शुद्ध शिसे मऊ असते आणि स्वतःच्या भाराने वर्षानुवर्षे हळूहळू वाकते, म्हणून विटा कठीण करण्यासाठी त्यात तीन-चार टक्के अँटिमनी घालतात. बाहेरच्या थराला ते चालते. आतल्या थराला मी शुद्ध शिसेच घेईन आणि आधार तांब्याचा देईन.

पाचवी पायरी: आतले अस्तर

शिशावर बाहेरून वा नमुन्यातून गॅमा किरण आदळले की शिसे स्वतःचे क्ष-किरण सोडते: ७३, ७५, ८५ आणि ८७ केईव्ही. कमी ऊर्जेचा वर्णपट त्यांनी गढूळ होतो. यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे उतरत्या अणुक्रमांकाचे अस्तर: शिशाच्या आत १ मिलिमीटर कथील आणि त्याच्या आत दीड मिलिमीटर तांबे. कथील शिशाच्या क्ष-किरणांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक गिळते आणि स्वतः २५ व २८ केईव्हीचे किरण सोडते. ते तांबे गिळते आणि केवळ ८ केईव्हीचे सोडते, ज्यांच्याकडे डिटेक्टर सहसा लक्ष देत नाही. क्रम उलटा झाला, म्हणजे तांबे बाहेर आणि कथील आत गेले, तर २५ केईव्हीची नवी शिखरे फुकटात मिळतात. बांधणी करणाऱ्या कारागिराला हा क्रम चित्र काढून द्यावा, तोंडी सांगू नये.

जुन्या पुस्तकांत कथलाऐवजी कॅडमियम लिहिलेले सापडते. ते घेऊ नये. कॅडमियम-११३ मंद न्यूट्रॉन अधाशीपणे पकडते आणि पकडल्यावर ५५८ केईव्हीचा गॅमा किरण सोडते, शिवाय ते विषारी आहे. कथील घेतानाही त्यात शिशाचा अंश नाही ना, हे पाहावे, कारण शिशाबरोबर शिसे-२१० येते. याच कारणाने कवचाच्या आत डाग देण्यासाठी नेहमीचे शिसे-कथलाचे सोल्डर वापरू नये.

माझे स्वतःचे मत असे की, खरोखर कमी बॅकग्राउंड हवे असेल तर कथील वगळून तांब्याचेच जाड अस्तर घ्यावे. ५ मिलिमीटर तांबे ७५ केईव्हीच्या किरणांपैकी पन्नासात एकच पार होऊ देते, आणि १ ते २ सेंटिमीटर घेतले तर बिस्मथ-२१० च्या झोतालाही बऱ्यापैकी आवर बसतो. तांबे स्वच्छ असण्यामागे कारण आहे: विद्युत अपघटनाने तांबे शुद्ध करताना ऋणाग्रावर तांबे बसते आणि युरेनियम-थोरियम द्रावातच राहतात. म्हणून पितळ किंवा कांसे नको, विद्युत अपघटनाने शुद्ध केलेले ऑक्सिजनमुक्त तांबे मागावे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कथील-१२४ च्या दुहेरी बीटा ऱ्हासाच्या अभ्यासाच्या तयारीसाठी जी मांडणी उभारली गेली, तिच्यात डिटेक्टरला लागून ५ सेंटिमीटर असे तांबे आणि त्याबाहेर १० सेंटिमीटर कमी किरणोत्सारी शिसे, हाच क्रम आहे.

तांब्याचा एक दोष मात्र ध्यानात ठेवावा. जमिनीवर पडून राहिलेल्या तांब्यात विश्वकिरणांतील न्यूट्रॉनमुळे कोबाल्ट-६०, कोबाल्ट-५८ आणि मँगनीज-५४ तयार होत राहतात. विमानाच्या उंचीवर हा मारा कित्येक पटींनी वाढतो, म्हणून अतिसंवेदनशील प्रयोगांचे तांबे रस्त्याने वा जहाजाने नेतात, आणि अमेरिकेत साउथ डकोटातील सॅनफर्ड भूमिगत प्रयोगशाळेत मायोराना प्रयोगासाठी तर तांबे जमिनीखालीच विद्युत निक्षेपाने वाढवले गेले. नमुने मोजणाऱ्या साध्या प्रयोगशाळेला एवढे करण्याची गरज नाही. पण पत्रा मागवल्यावर तो वर्षभर गच्चीवर पडू देऊ नये, एवढे तरी करता येते.

सहावी पायरी: पोलाद, चौकट आणि बारीकसारीक वस्तू

माझ्या पाहण्यातला एक प्रसंग सांगतो. कवच पूर्ण झाले, पोटॅशियम आणि थॅलियमची शिखरे अपेक्षेप्रमाणे खाली गेली, आणि ११७३ व १३३२ केईव्हीला दोन शिखरे उगवली, जी उघड्या मोजणीत कोठेच नव्हती. ती कोबाल्ट-६० ची ओळखीची जोडी होती. आठवडाभर आम्ही शिशावर संशय घेतला. शेवटी आतली एकेक वस्तू काढून मोजणी केली, तेव्हा नमुना उंचावण्यासाठी ठेवलेला स्टेनलेस स्टीलचा तळहाताएवढा स्टँड दोषी निघाला. उघड्यावर तो बॅकग्राउंडमध्ये बुडून गेला होता. कवच चांगले झाले म्हणून तो दिसला. आता त्या जागी ॲक्रिलिकचा स्टँड आहे.

पोलादात कोबाल्ट-६० दोन वाटांनी येते. झोतभट्टीच्या अस्तराची झीज कळावी म्हणून त्यात हा स्रोत मुद्दाम बसवण्याची पद्धत होती, आणि हरवलेले वा टाकून दिलेले स्रोत भंगारातून वितळतात. २०१० मध्ये दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात असाच कोबाल्ट-६० चा स्रोत फोडला गेला आणि त्यात एका माणसाचा जीव गेला. याशिवाय १९४५ नंतरच्या अणुचाचण्यांची धूळ वातावरणात पसरली आणि भट्टीत फुंकलेल्या हवेतून पोलादात उतरली. म्हणूनच १९१९ मध्ये स्कॉटलंडच्या स्कापा फ्लो येथे बुडवलेल्या जर्मन युद्धनौकांचे पोलाद संवेदनशील मापकांसाठी काढले जात असे. १९६३ च्या करारानंतर खुल्या चाचण्या ओसरल्या आणि कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचेच असल्याने आजचे बहुतेक पोलाद पुन्हा वापरण्याजोगे झाले आहे. चौकट आणि बाहेरचे आवरण साध्या पोलादाचे चालते. शिशाच्या आत पोलाद नसावे.

चौकट जोडताना वेल्डरला एक प्रश्न जरूर विचारावा: टिग वेल्डिंगच्या टंगस्टन कांडीचे टोक कोणत्या रंगाचे आहे? लाल टोकाच्या कांडीत सुमारे दोन टक्के थोरियम ऑक्साइड असते आणि ती घासताना व जाळताना थोरियमचे कण सांध्याभोवती बसतात. करड्या टोकाची सेरियमयुक्त किंवा सोनेरी वा निळ्या टोकाची लॅन्थॅनमयुक्त कांडी तेच काम करते. कारखान्यात बदल करायला पाच मिनिटे लागतात. नंतर कवचातून थोरियम काढायला लागणारा वेळ मोजता येत नाही.

ॲल्युमिनियममध्ये युरेनियम-थोरियमचा अंश अनेकदा आढळतो, काचेत आणि चिनी मातीत पोटॅशियम असते. ॲक्रिलिक, पॉलिथिन आणि टेफ्लॉन यांचा अनुभव चांगला आहे.

सातवी पायरी: रेडॉनला बाहेर ठेवा

रेडॉन-२२२ वायू आहे आणि त्याचे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे आहे. तो कोणत्याही फटीतून आत जातो. खोलीच्या हवेत घनमीटरला ५० बेकरेल रेडॉन असेल, तर वर सांगितलेल्या ३६ लिटरच्या पोकळीत जवळपास दोन बेकरेल साठतात, आणि त्याची पातळी दुपार-रात्र, पाऊस-ऊन यांप्रमाणे बदलत राहते. त्यामुळे ३५२ आणि ६०९ केईव्हीचे बॅकग्राउंड रोज वेगळे येते आणि वजाबाकी चुकते. पोकळी लहान ठेवणे हा पहिला उपाय, रिकामी जागा स्वच्छ ॲक्रिलिकच्या ठोकळ्यांनी भरणे हा दुसरा. तिसरा उपाय बहुतेकांकडे तयारच असतो: डिटेक्टर थंड ठेवणाऱ्या ड्युअरमधून, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या थर्मासासारख्या भांड्यातून, उकळून निघणारा नायट्रोजन नळीने पोकळीत सोडावा, म्हणजे तो रेडॉनयुक्त हवेला बाहेर ढकलतो. खोली मात्र हवेशीर हवी, कारण बंद खोलीत नायट्रोजन साचला तर प्राणवायू कमी पडतो आणि माणसाला त्याची चाहूल लागत नाही.

तांबे आणि शिसे उघड्यावर ठेवले तर रेडॉनची अपत्ये पृष्ठभागावर बसतात आणि तेथे नवे शिसे-२१० मागे राहते. रचण्याच्या दिवसापर्यंत पत्रे प्लास्टिकमध्ये बंद ठेवावेत.

म्यूऑनविषयी थोडक्यात

इतके करूनही जे उरते, ते मुख्यतः म्यूऑनमुळे असते. कवचावर प्लास्टिक सिंटिलेटरच्या, म्हणजे कण आरपार गेला की चमकणाऱ्या प्लास्टिकच्या, पट्ट्या बसवून, त्यांच्यात आणि जर्मेनियममध्ये एकाच क्षणी आलेला संकेत नाकारणे हा जमिनीवरचा उपाय आहे. तो नवख्याने पहिल्याच वर्षी करू नये. त्यापलीकडे खाणीच उरतात. कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर १९६५ मध्ये वातावरणातील न्यूट्रिनोंची नोंद झाली. आज झारखंडमधील जादुगुडा खाणीत ५५५ मीटर खोलीवर भूमिगत प्रयोगशाळा आहे.

आठवी पायरी: रचणे आणि तपासणे

शिसे विषारी आहे. विटा हाताळताना हातमोजे घालावेत, कोरड्या कानशीने किंवा सँडपेपरने घासू नये, धूळ ओल्या कपड्याने पुसावी, त्या खोलीत चहासुद्धा घेऊ नये आणि बाहेर पडताना हात साबणाने धुवावेत. ५ बाय १० बाय २० सेंटिमीटरची एक वीट सव्वाअकरा किलोची असते. ती पायावर पडली तर हाड मोडते, म्हणून सुरक्षा बूट हवेत.

१० सेंटिमीटरची भिंत ५ सेंटिमीटरच्या दोन थरांत रचावी आणि आतल्या थराचे सांधे बाहेरच्या थराच्या विटांच्या मध्यावर येतील असे पाहावे. सरळ आरपार गेलेला सांधा अर्ध्या मिलिमीटरचा असला तरी तो किरणांना वाट देतो. रचून झाल्यावर खोलीत अंधार करून पोकळीत प्रखर टॉर्च ठेवावी आणि चहूबाजूंनी फिरून पाहावे. जेथे उजेडाची रेघ दिसेल, तेथे खडूने खूण करून वीट पुन्हा बसवावी.

उजेड न दिसणाऱ्या फटीसाठी दुसरी कसोटी आहे आणि तिला कोणताही परवाना लागत नाही. कृषी सेवा केंद्रात मिळणारे म्युरिएट ऑफ पोटॅश, ज्याच्या गोणीवर ०-०-६० लिहिलेले असते, ते किलोभर आणावे. त्यात सुमारे अर्धा किलो पोटॅशियम असते आणि निसर्गतः असलेल्या पोटॅशियम-४० मुळे त्यातून सेकंदाला सुमारे १५ हजार ऱ्हास होतात. ही पिशवी कवचाच्या बाहेर एका ठिकाणी टेकवून काही तास मोजणी करावी, मग पुढच्या ठिकाणी न्यावी. दरवाजा, ड्युअरच्या नळीचे भोक आणि कोपरे येथे ती हमखास ठेवून पाहावी. १४६१ केईव्हीचे शिखर जेथे वर सरकेल, तेथे कवच पातळ आहे. तपासणी झाल्यावर पिशवी त्या खोलीत राहू देऊ नये.

यानंतर पुन्हा नमुन्याविना मोजणी करावी, या वेळी तीन-चार दिवसांची, आणि पहिल्या पायरीच्या नोंदीशेजारी तिचे आकडे लिहावेत. १९८ केईव्हीजवळचे शिखर आणि ५९६ केईव्हीचा उजवीकडे घसरत जाणारा विचित्र आकार दिसला तर घाबरू नये. ते न्यूट्रॉनने जर्मेनियममध्येच उमटवलेले ठसे आहेत. पण उघड्या मोजणीत नसलेले एखादे शिखर कवचानंतर दिसू लागले, तर ते आत नेलेल्या कोणत्यातरी वस्तूतून आले आहे, आणि ती वस्तू सापडेपर्यंत नमुन्यांचे निष्कर्ष कोणालाही देऊ नयेत. ही मोजणी दर महिन्याला आणि कवचाच्या आत नवी वस्तू गेली की लगेच करावी. प्रत्येक ओतीतली एक वीट आणि तांब्याच्या प्रत्येक पत्र्याचा एक तुकडा क्रमांक घालून कपाटात ठेवावा, म्हणजे पाच वर्षांनी शंका आली तरी अख्खे कवच न उतरवता तो एवढासा तुकडा डिटेक्टरवर ठेवून पाहता येतो.